खुब्याचं हाड मोडलं, गोळा बदलायचाय: पडल्यापासून वर्षभरापर्यंत घरच्यांनी काय करायचं

आजी मोरीत घसरल्या, उठता येत नाही, एक पाय आखूड दिसतोय आणि पाऊल बाहेरच्या बाजूला कललंय. असा फोन आला की बहुतेक वेळा खुब्याचं हाड मोडलेलं असतं. ज्यांच्या घरी हे पहिल्यांदाच घडतंय त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. मी फिजिओथेरपिस्ट आहे. गेली २२ वर्षं इंदुरात घरोघरी जाऊन पेशंटना चालवते. रामबागेतल्या जुन्या वाड्यांत, लोकमान्यनगर-राजेंद्रनगरच्या बैठ्या घरांत, सुदामानगरात, आणि आता बायपासच्या बाजूच्या उंच इमारतींतही.

गोळा म्हणजे मांडीच्या हाडाचं वरचं गोल टोक. तो बदलायच्या ऑपरेशननंतर माणूस परत कितपत चालेल, हे मला सगळे विचारतात. माझं उत्तर ऐकून लोकांना आश्चर्य वाटतं, कारण मी उलट दोन प्रश्न विचारते. पडल्यापासून ऑपरेशनपर्यंत किती तास गेले? आणि ऑपरेशन झाल्यावर किती तासांनी आजी पलंगाखाली पाय टेकून उभ्या राहिल्या? वय, हृदय, मधुमेह, आधीची ताकद यांचा वाटा मोठा आहेच, पण त्या गोष्टी त्या दिवशी आपल्या हातात नसतात. तास बऱ्याच अंशी हातात असतात.

पडल्यावर लगेच

बगलेत हात घालून उभं करू नका. ‘दोन पावलं टाकून बघ’ म्हणू नका. चोळू नका, शेकू नका. आपल्याकडे अजूनही हाड बसवणाऱ्या पहलवानाकडे न्यायची किंवा त्यालाच घरी बोलवायची पद्धत आहे. खुब्याच्या हाडाच्या बाबतीत हे कृपा करून टाळा. तुटलेली टोकं ओढण्याने आणखी सरकतात, आणि दोन दिवस लेप लावण्यात जातात ते वेगळंच.

जिथे पडल्या तिथेच आडवं राहू द्या, अंगावर पांघरूण घाला, दोन्ही पायांच्या बाजूंना उशा लावा आणि १०८ ला फोन करा. वाड्यात माडीवर घडलं असेल तर अरुंद लाकडी जिन्यावरून खुर्चीत बसवून आणू नका, खुबा वाकला की वेदना असह्य होते. जाड सतरंजी किंवा चादर अंगाखाली सरकवून, चार कोपरे चौघांनी धरून, आडवंच उतरवा.

तीन गोष्टी तेव्हाच लक्षात ठेवा, पुढे डॉक्टरांना सांगायला लागतात. पडल्या कशामुळे? पाय घसरला, की आधी चक्कर आली, छातीत धडधडलं, हात लुळा पडला? किती वेळ जमिनीवर होत्या? रात्री दोनला पडून सकाळी सहाला सापडल्या असतील तर शरीरातलं पाणी कमी झालेलं असतं आणि मूत्रपिंडांवर ताण आलेला असतो. डोक्याला मार लागला का? विशेषतः रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर हे न विसरता सांगा.

फसवणारा प्रकारही असतो. हाड मोडूनही एकमेकांत रुतून बसलेलं असेल तर माणूस लंगडत चालतो. कधी दुखणं जांघेत किंवा नुसतं गुडघ्यात जाणवतं आणि घरचे गुडघ्याला बाम लावत बसतात. एक्स-रे मध्येही बारीक भेग सुटू शकते. पडल्यानंतर पायावर भार देता येत नसेल आणि एक्स-रे ‘नॉर्मल’ असेल, तर एमआरआय किंवा सीटी करायला हवा का, हे स्पष्ट विचारा.

बरोबर घ्यायची एक पिशवी: चालू गोळ्या पाकिटांसकट, जुनी फाइल, आधी इको (हृदयाची सोनोग्राफी) झाला असेल तर त्याचा रिपोर्ट, आधार कार्ड, चष्मा, कानाचं मशीन, कवळी. शेवटच्या तीन वस्तू लोक हमखास घरी विसरतात. त्या का लागतात ते पुढे येईलच.

कुठे न्यायचं आणि पैशांचं काय

सरकारी रुग्णालय म्हटलं की इंदूरकरांच्या तोंडी एमवाय, म्हणजे महाराजा यशवंतराव चिकित्सालय, एमजीएम मेडिकल कॉलेजला जोडलेलं. खाजगी रुग्णालयं तर शहरात पुष्कळ आहेत. कोणतं चांगलं हे मी सांगणार नाही. निवडताना हाडांचे डॉक्टर, फिजिशियन आणि भूल देणारे डॉक्टर तिघंही तिथेच रोज असतात का, हे पाहा. आणि पोचताच एक वाक्य विचारा: ‘तब्येत परवानगी देत असेल तर उद्यापर्यंत ऑपरेशन होईल का?’ उत्तर ‘सोमवारी बघू’ असं आलं आणि आज गुरुवार असेल, तर तेव्हाच दुसरीकडे चौकशी सुरू करा.

आयुष्मान भारत योजनेत २९ ऑक्टोबर २०२४ पासून ७० आणि त्यापुढच्या वयाच्या सगळ्यांना, उत्पन्नाची अट न लावता, वर्षाला कुटुंबामागे ५ लाखांपर्यंतचं संरक्षण मिळतं. त्यासाठी ‘आयुष्मान वय वंदना’ कार्ड आधारवरून काढावं लागतं. खाजगी विमा असला तरी ते काढता येतं. सीजीएचएससारखी (केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांची आरोग्य योजना) सुविधा असणाऱ्यांना मात्र दोन्हींपैकी एक निवडावी लागते. घरात सत्तरीपुढचं कोणी असेल तर कार्ड आजच काढून ठेवा, पडायची वाट पाहू नका. योजनेतल्या रुग्णालयात ‘आयुष्मान मित्र’ नावाचा मदतनीस बसतो, त्याला पॅकेजमध्ये नेमका कोणता सांधा येतो ते विचारा. माहितीसाठी १४५५५ हा नंबर आहे.

बदललेल्या सांध्याच्या पाकिटावर कंपनी, आकार आणि बॅच नंबर असलेली स्टिकरं असतात. ती डिस्चार्जच्या कागदांना चिकटवून घ्या. दहा वर्षांनी दुसऱ्या डॉक्टरांना त्या सांध्याबद्दल काही कळायला हवं असेल तर तोच एक पुरावा असतो.

कोणतं हाड मोडलंय ते विचारून घ्या

‘खुबा मोडला’ म्हणजे नेमकं काय, यावर पुढचं सगळं ठरतं. मांडीच्या हाडाचं वरचं टोक म्हणजे एक गोळा, तो कमरेच्या हाडातल्या वाटीत बसतो. गोळ्याच्या खाली मान आहे. मान मोडून सरकली की गोळ्याला रक्त पोचवणाऱ्या बारीक वाहिन्या तुटतात. मग स्क्रू मारून जोडलं तरी गोळा सुकण्याची, हाड न जुळण्याची शक्यता बरीच राहते. म्हणून वयस्कर माणसात सरकलेली मान जोडत बसत नाहीत, गोळाच बदलतात. मान मोडली पण जागेवरच असेल तर स्क्रूने भागू शकतं.

मानेच्या खाली, जिथे हाड रुंद होतं, तिथे मोडलं असेल तर रक्तपुरवठा शाबूत असतो. तिथे बहुधा हाडाच्या पोकळीतून रॉड घालतात. तेव्हा शेजारच्या काकूंचा गोळा बदलला आणि आपल्या आईला रॉड टाकला, यात कुणी हात आखडता घेतलेला नाही. फ्रॅक्चरच वेगळं आहे.

गोळा बदलण्याचेही दोन प्रकार. नुसता गोळा बदलला तर अर्धा सांधा, आपल्याकडे ‘बायपोलर’ म्हणतात तो त्यातलाच. गोळा आणि वाटी दोन्ही बदलली तर पूर्ण सांधा, म्हणजे टीएचआर. घरचे म्हणतात, ‘डॉक्टर, जे सगळ्यात भारी ते टाका.’ इथे जरा थांबा. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या १,४९५ रुग्णांच्या एका मोठ्या आंतरराष्ट्रीय चाचणीत दोन्ही प्रकार समोरासमोर तपासले होते. दोन वर्षांत पुन्हा ऑपरेशन करावं लागण्याचं प्रमाण जवळजवळ सारखंच निघालं: पूर्ण सांध्यात ७.९ टक्के, अर्ध्यात ८.३. हालचाल पूर्ण सांध्यात थोडी बरी, पण सांधा निसटण्याचा किंवा अस्थिर होण्याचा त्रास ४.७ टक्क्यांना झाला, अर्ध्या सांध्यात २.४ टक्क्यांना. म्हणून जी व्यक्ती पडायच्या आधी बाहेर एकटी, फार तर काठी घेऊन फिरत होती, जिची स्मृती शाबूत आहे आणि जिच्यापुढे बरीच वर्षं आहेत, तिच्यासाठी पूर्ण सांध्याचा विचार करावा. घरातल्या घरात वावरणाऱ्या, विसरभोळ्या झालेल्या ८५ वर्षांच्या आजींना अर्धा सांधा अधिक सोयीचा असतो. ऑपरेशन लहान, वेळ कमी, सांधा निसटण्याची भीतीही कमी.

सिमेंट लावणार की नाही, हेही विचारा. २०२२ मधल्या १,२२५ रुग्णांच्या ब्रिटिश चाचणीत सिमेंटच्या अर्ध्या सांध्यानंतर आयुष्याचा दर्जा थोडा चांगला आढळला, आणि सांध्याभोवतीचं हाड पुन्हा मोडण्याचं प्रमाण ०.५ टक्के होतं, बिनसिमेंटमध्ये २.१. सिमेंट भरताना रक्तदाब एकदम घसरण्याचा धोका काही हृदयरोग्यांत असतो, त्यामुळे शेवटचा निर्णय डॉक्टरांचाच. पण विचारलेलं त्यांना आवडतं, असा माझा अनुभव आहे.

ऑपरेशनपूर्वीचे तास

ही जागा मला सगळ्यात जास्त टोचते, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

२०१४ मध्ये माझ्या सासूबाई पडल्या. आम्ही त्यांना आई म्हणायचो. वय ७८, सकाळी मोरीत पाय सरकला. दसऱ्याचे दिवस होते. ज्या रुग्णालयात नेलं तिथे फिजिशियन सुट्टीवर, इको करणारे दोन दिवसांनी येणार, ‘फिटनेस’ची चिठ्ठी मिळेना. त्यात घरातले म्हणाले, पुण्याचे दादा येऊ देत, मग ठरवू. मी याच क्षेत्रातली असूनही गप्प राहिले, सून म्हणून सगळ्यांच्या पुढे बोलायचं धाडस झालं नाही. ऑपरेशन पाचव्या दिवशी झालं. तोवर छातीत कफ भरला होता, टाचेला जखम झाली होती आणि आई दुपारी तीनला ‘दिवे लावा, सांज झाली’ म्हणून ओरडत होत्या. त्या चार दिवसांची किंमत आईंनी पुढे चार महिने मोजली.

ब्रिटनमधल्या मार्गदर्शक सूचना सांगतात की ऑपरेशन भरती झाल्याच्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी व्हावं. २०२० मध्ये १७ देशांतल्या २,९७० रुग्णांवरच्या चाचणीत निदानानंतर साधारण सहा तासांनी आणि साधारण चोवीस तासांनी झालेल्या ऑपरेशनची तुलना केली होती. मृत्यूंच्या प्रमाणात ठोस फरक दिसला नाही, म्हणून मध्यरात्री धावपळ करून टेबलवर घ्या असं कुणी म्हणत नाही. पण लवकर ऑपरेशन झालेल्यांमध्ये भ्रम होण्याचं प्रमाण कमी होतं आणि ते लवकर उभे राहिले. यात लक्षात घ्या की ‘उशिराचा’ गटसुद्धा साधारण चोवीस तासांचा होता. आपल्याकडे चार-पाच दिवस सहज जातात.

कशासाठी थांबावं आणि कशासाठी नाही? छातीत तीव्र संसर्ग, हृदयाचे ठोके फार अनियमित, सोडियम फार खाली, साखर फार वर, ही कारणं खरी आहेत. त्यावर उपचार चालू असताना काही तास थांबणं योग्यच. अ‍ॅस्पिरिनसाठी थांबावं लागत नाही. क्लोपिडोग्रेलसाठी पाच-सात दिवस थांबवण्याची जुनी पद्धतही आता बहुतेक ठिकाणी सोडलेली आहे. इतर रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांचा हिशेब वेगळा, तो भूलतज्ज्ञ करतील. त्यांना गोळीचं नाव आणि शेवटची कधी घेतली ते अचूक सांगा. आणि मुलगा यायचाय, अमावास्या आहे, गुरुवारी चांगला मुहूर्त आहे, या कारणांसाठी थांबू नका. मुलाशी फोनवर बोलणं होऊ शकतं.

वाट पाहताना तीन गोष्टी मागून घ्या. पहिली, वेदनाशामक. ‘म्हातारपणी किती इंजेक्शनं द्यायची’ म्हणून दुखणं सहन करायला लावू नका. जांघेजवळ सुई देऊन पायाची नस काही तास बधिर करता येते, ती सोय आहे का ते विचारा. पायाला वजन लटकवून ठेवण्याची पद्धत अजून दिसते, पण नेहमीच्या वापरातून तिचा फायदा अभ्यासांत दिसलेला नाही. दुसरी, उपाशी ठेवायची नेमकी वेळ. सर्वसाधारणपणे घन अन्न सहा तास आणि साधं पाणी दोन तास आधीपर्यंत चालतं. ‘रात्री बारापासून काही नाही’ म्हणायचं आणि ऑपरेशन दुपारी चारला करायचं, याने म्हातारं शरीर कोमेजतं. वेळ पुढे गेली तर पाणी देऊ का, हे सिस्टरना विचारा. तिसरी, टाचा. पोटरीखाली उशी घालून टाच अधांतरी ठेवा आणि दर दोन तासांनी अंगाखालचा दाब बदला.

ऑपरेशन नकोच का?

‘एवढ्या वयात कशाला?’ हा प्रश्न दहांपैकी आठ घरांत निघतो. ऑपरेशन म्हातारपणी जगवण्यासाठी करतात असा समज आहे. खरं तर ते मुख्यतः वेदना थांबवण्यासाठी आणि अंथरुणातून उठवण्यासाठी असतं. ऑपरेशनविना सरकलेलं हाड घेऊन पडून राहिलं की शय्याव्रण, न्यूमोनिया, लघवीचा संसर्ग, पायात रक्ताच्या गुठळ्या हे एकामागून एक येतात. नव्वदीतही ऑपरेशन होतात, आणि नव्वदीतले पेशंट मी चालवलेले आहेत.

अपवाद आहे. जी व्यक्ती आधीपासूनच अंथरुणाला खिळलेली आहे, ज्यांचा अखेरचा आजार चालू आहे, त्यांच्यासाठी चांगली वेदनाशामक सेवा देऊन ऑपरेशन न करणं हाही प्रामाणिक निर्णय असू शकतो. तो डॉक्टरांशी बसून, शक्य असेल तर त्या व्यक्तीला विचारून घ्यावा.

पुढे काय होतं, खरं खरं

जगभरच्या नोंदी पाहिल्या तर खुब्याच्या फ्रॅक्चरनंतर पहिल्या वर्षात साधारण दर ४-५ जणांमागे १ जण जातो. हे वाचून घाबरायला होईल, पण लपवण्यात अर्थ नाही. यातले फार थोडे ऑपरेशनच्या टेबलवर जातात. बहुतेकांना हृदय, फुप्फुसं, संसर्ग आणि खंगत गेलेली ताकद नेते. जे राहतात त्यांच्यातले साधारण निम्मे पडण्याआधीसारखे चालतात. बाकीचे एक पायरी खाली येतात: बिनकाठीचे काठीवर, काठीचे वॉकरवर.

म्हणून तुलना शेजारच्यांशी नको, पडण्याआधीच्या महिन्याशी करा. आजी भाजीला कोपऱ्यापर्यंत जात होत्या का? आंघोळ स्वतः करत होत्या का? ते कागदावर लिहून फिजिओथेरपिस्टला द्या. तेच आमचं लक्ष्य असतं. गुडघेदुखीसाठी ठरवून, तयारीने सांधा बदलून घेणाऱ्यांची गोष्ट वेगळी आहे. तिथे माणूस महिनाभर तयारी करून स्वतःच्या पायाने जातो. इथे अचानक पडून, घाबरून, उपाशी पोटी जातो.

आमच्या आई पाच महिन्यांनी काठी घेऊन कॉलनीतल्या गणपतीच्या देवळापर्यंत जाऊ लागल्या. माडीवर मात्र पुन्हा कधी चढल्या नाहीत. चार वर्षं जगल्या, देवपूजा शेवटपर्यंत स्वतः केली, खुर्चीवर बसून.

वॉर्डातले दिवस

ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी उभं राहायचं. गोळा बदललेल्या पायावर बहुतेक वेळा सोसवेल तेवढा भार लगेच देता येतो. डॉक्टरांनी नाही म्हटलं तरच नाही. ‘आज जरा आराम करू द्या’ हे वाक्य प्रेमापोटी येतं, पण अंथरुणातला प्रत्येक दिवस मांडीतली ताकद नेतो आणि त्या वयात ती परत मिळवायला कितीतरी दिवस लागतात. पहिल्यांदा चक्कर येते, म्हणून आधी दोन मिनिटं पलंगाच्या कडेला बसवा. उठायच्या अर्धा तास आधी दुखण्याची गोळी मिळाली तर फार फरक पडतो. क्रम असा: वॉकर पुढे, मग ऑपरेशनचा पाय, मग चांगला पाय. पलंगावर असताना दर तासाला घोटे वरखाली, गुडघा खाली दाबून मांडी आवळणं, नितंब आवळणं. लघवीची नळी लवकरात लवकर काढायला सांगा.

आता भ्रमाबद्दल. दुसऱ्या-तिसऱ्या रात्री शहाण्यासुरत्या आजी अचानक सुया ओढतात, मुलीला ओळखत नाहीत, भिंतीवर माणसं दिसतात. घरचे रडायला लागतात, ‘डोक्यावर परिणाम झाला’. बहुतेकांमध्ये हे काही दिवसांत ओसरतं. त्यामागे संसर्ग, दुखणं, बद्धकोष्ठता, सोडियम, एखादं औषध असं कारण असू शकतं, म्हणून डॉक्टरांना लगेच सांगा. आणि इथे ती पिशवी कामाला येते. चष्मा लावा, कानाचं मशीन घाला, कवळी बसवा. दिवसा पडदे उघडे, रात्री अंधार. वॉर्डात सिस्टर हिंदीत बोलतात, आणि एरवी सराफ्यात भाव करताना अस्खलित हिंदी बोलणाऱ्या आजींना त्या रात्री हिंदी परकी वाटते, हे मी अनेकदा पाहिलंय. घरचं कोणीतरी उशाशी बसून मराठीत बोलत राहा. ‘आई, आज मंगळवार. तू हॉस्पिटलमध्ये आहेस. पाय मोडला होता, नीट केलाय. मी इथेच आहे.’ वाद घालू नका, हात बांधू देऊ नका.

रक्ताच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून साधारण महिनाभर पोटावर इंजेक्शन किंवा गोळी असते, ती घरी गेल्यावरही चालू राहते. डिस्चार्जच्या कागदावर तारीख लिहून घ्या. दुखण्याच्या औषधांनी शौचाला होत नाही, ते पहिल्या दिवसापासून सांभाळा.

घर तयार करणं

आजी रुग्णालयात असतानाच घरात हे करा. पलंग खालच्या मजल्यावर आणा. पाय टेकवून बसल्यावर गुडघे कमरेपेक्षा खालीच राहतील इतकी त्याची उंची हवी, नसेल तर पायांखाली लाकडी ठोकळे पक्के बसवा. देशी शौचालय असेल तर कमोड खुर्ची आणा. कमोड असेल तर त्यावर उंची वाढवणारी सीट बसवा. मोरीच्या भिंतीला धरायला दांडा पक्का ठोकून घ्या, टॉवेलची नळी भार सहन करत नाही. मोरीचा उंबरा, पायपुसणी, दारातली सतरंजी, मोबाइलच्या वायरी हटवा.

मागच्या बाजूने चीर देऊन सांधा बसवला असेल तर साधारण तीन महिने तीन गोष्टी वर्ज्य: खुबा काटकोनापेक्षा जास्त वाकवणं, पायावर पाय टाकणं, ऑपरेशनचा पाय आत वळवणं. चीर बाजूने असेल तर नियम थोडे बदलतात, डॉक्टरांना विचारा. आपल्या घरातल्या भाषेत याचा अर्थ: मांडी घालून बसायचं नाही, पाटावर जेवायला नाही, उकिडवं नाही, खाली पडलेला चमचा वाकून उचलायचा नाही, झोपताना दोन्ही गुडघ्यांमध्ये उशी. देवघर जमिनीलगत असेल तर टेबलावर घ्या. हे आधीच केलं नाही तर आजी कुणाचं लक्ष नसताना पाटावर बसतात, मी पाहिलेला एक सांधा असाच निसटला. तीन महिन्यांनंतरही उकिडवं बसणं आणि देशी शौचालय कायमचं सोडावं, असं मी सांगते.

जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा आधी. गाडीत पुढची सीट मागे सरकवून, आधी बसायचं, मग दोन्ही पाय एकत्र आत घ्यायचे. रिक्षाची सीट आणि पायरी दोन्ही अडचणीची, सुरुवातीला टाळा.

दिवसभराची बाई ठेवली तर तिला पहिल्याच दिवशी समजावा. चांगल्या बायकाही प्रेमाने सगळं पलंगावर करतात: बेडपॅन, स्पंज, भरवणं. तिचं काम उचलणं नाही, बाजूला उभं राहणं. शौचाला, तोंड धुवायला, जेवायला, तिन्ही वेळा आजी वॉकरने चालत जातील. दिवसातून पाच-सहा लहान फेऱ्या एका मोठ्या फेरीपेक्षा बऱ्या.

खाणं. ऑपरेशननंतर भूक मरते आणि आपण मऊ भात, सकाळचे पोहे, चहा-बिस्कीट यांवर भागवतो. पोहे-जलेबी इंदूरकराला चालायलाच हवेत, पण त्याने स्नायू भरून येत नाहीत. वजनाच्या दर किलोमागे १ ते १.२ ग्रॅम प्रथिनं हवीत. ५० किलोच्या आजींना म्हणजे ५०-६० ग्रॅम. कपभर दूध, वाटीभर घट्ट वरण किंवा एक अंडं, यांत प्रत्येकी सुमारे सहा-सात ग्रॅम मिळतं. यावरून दिवसभराचा हिशेब लावा. पनीर, दही, दाण्याचा कूट, मुगाचं धिरडं यांनी तो भरतो. मूत्रपिंडाचा आजार असेल तर प्रमाण डॉक्टरांकडून घ्या. आणि एकादशी, चतुर्थीचे उपास तीन महिने देवाला सांगून थांबवा. आजी ऐकत नसतील तर त्यांच्या गुरुजींकडून म्हणवून घ्या, हा उपाय मी अनेक घरांत यशस्वी होताना पाहिलाय.

डॉक्टरांना लगेच फोन कधी करायचा? पाय अचानक आखूड झाला किंवा वळला आणि भार देता येईना. पोटरी सुजून दुखते. धाप लागते, छातीत दुखतं, इथे तर थेट रुग्णवाहिका बोलवा. ताप, किंवा टाक्यांतून पाणी-पू येत राहतो. अशा जखमेवर मेडिकलमधून स्वतःच्या मनाने अँटिबायोटिक आणून देऊ नका, आतला संसर्ग दबतो आणि निदान लांबतं.

महिने

टाके १२ ते १४ दिवसांनी. वॉकरवरून काठीवर यायला साधारण सहा आठवडे ते तीन महिने. काठी चांगल्या पायाच्या हातात धरायची. बऱ्याच जणांची उलट असते. सगळ्यात जास्त सुधारणा पहिल्या सहा महिन्यांत होते, थोडीथोडी वर्षभर होत राहते. तीन महिन्यांनी घरचे फिजिओथेरपी बंद करतात, नेमकं तेव्हा तोल सुधारायचं काम सुरू व्हायला हवं. पडण्याची भीती हा स्वतंत्र आजार आहे. आजी चालू शकतात पण चालत नाहीत, तेव्हा व्यायामाचा तक्ता उपयोगाचा नसतो. त्यांना विचारा, कुठे जायचंय? एका काकूंना खजराण्याच्या गणपतीला जायचं होतं. आम्ही दोन महिने त्या रांगेत उभं राहता येण्याचाच सराव केला.

आणि एक गोष्ट, जी डिस्चार्जच्या गडबडीत बहुतेक वेळा राहून जाते. उभ्या उंचीवरून पडून खुबा मोडला याचा अर्थ हाडं ठिसूळ झालेली आहेत. दुसरा खुबा तसाच ठिसूळ आहे. फक्त कॅल्शियमच्या गोळीने हे भागत नाही. हाडांना बळ देणारी औषधं आहेत. त्यांतलं झोलेड्रॉनिक अ‍ॅसिड ५ मिलिग्रॅम शिरेतून वर्षातून एकदा देतात. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या २,१२७ रुग्णांच्या चाचणीत, खुब्याच्या ऑपरेशननंतर ९० दिवसांच्या आत ते सुरू केलेल्यांमध्ये नवीन फ्रॅक्चर ३५ टक्क्यांनी आणि मृत्यू २८ टक्क्यांनी कमी आढळले. त्याआधी ड जीवनसत्त्व आणि कॅल्शियम तपासून भरून काढावं लागतं. मूत्रपिंड कमकुवत असेल तर दुसरं औषध निवडतात. टाके काढायला जाल त्या दिवशी डॉक्टरांना विचारा, ‘हाडांच्या ठिसूळपणाचं औषध कधी सुरू करायचं?’ त्याच भेटीत डोळे तपासायची आणि झोपेच्या-रक्तदाबाच्या गोळ्या पुन्हा पाहण्याचीही आठवण करा, कारण रात्रीच्या चक्करेमागे बहुधा त्याच असतात. पहिलं इंजेक्शन झालं की पुढच्या वर्षीची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवा, म्हणजे नवीन कॅलेंडर लावताना ती उतरवली जाईल.